कल्याण बंद हाय, पाव्हणं!

चपला काढा. मोबाइल बंद करा. मनगटावरचं घड्याळ माझ्याकडे द्या, परत आलात की देईन. आपण निघालोय तिथं वेळ दोनच गोष्टींवर मोजतात: वारा कधी फिरतो आणि बैल कधी थकतो.

तुम्ही उभे आहात तेरमध्ये, धाराशिव जिल्ह्यातल्या. शेजारी तेरणा, मागं गोरोबाकाकांचं मंदिर, समोर पांढरीची टेकाडं. पाऊस झाला की या पांढरीतून खापरं नि मणी वर येतात, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. आता डोळे मिटा आणि टाचेनं माती दाबा. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पाय सुमारे साडेएकोणीसशे वर्षं खाली जाईल. घाबरू नका, खाली भरपूर गर्दी आहे.

आधी नाक जागं होतं. खळ लावलेल्या सुताचा आंबूस वास, ओल्या शेणाचा, भट्टीतल्या धुराचा, तिळाच्या तेलाचा. मग घशात काहीतरी खवखवतं. कापूस आहे तो. हवेत कापसाचे तंतू एवढे तरंगतायत की उन्हाची तिरीपसुद्धा केसाळ दिसते. तुम्हाला शिंक येते. शेजारून जाणारी बाई डोक्यावरचा हारा न हलवता तुमच्याकडे बघून हसते. इथं परक्या माणसाची ओळख पहिल्या शिंकेलाच पटते.

गावाचं नाव सध्या तेर नाही, तगर आहे. गाव म्हणालात तर लोक रागावतील. हे मोठं शहर आहे.

काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो, नंतर लाज नको. चहा मागू नका. मिरची शोधू नका, ती अजून महासागरापलीकडे आहे. इथं जीभ पोळते ती मिऱ्यानं आणि पिंपळीनं. शेंगदाण्याची चटणीही नाही. चरखा दिसत नाही म्हणून आश्चर्य करू नका, तोही यायचाय. ओट्याओट्यावर बायका टकळी फिरवतायत, बोलता बोलता, भांडता भांडता, लेकरू मांडीवर झोपलेलं असताना. भाषेची काळजी सोडा. ‘पाणिअ’ ऐकलंत की पाणी समजा, ‘हत्थ’ म्हणाले की हात. बाकीचं मी आजच्या तेर-ढोकीच्या बोलीत करून देतो.

बाजारातून चला. डावीकडे शंख कापणारा बसलाय. करवतीचा कर्रर्र आवाज दातांत जातो, पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर साचलीय. हा शंख समुद्रातला. समुद्र इथून पंधरा-वीस दिवसांवर, पण बांगडी होते ती तगरात. पुढं एक कारागीर पांढऱ्या मातीची बाहुली दोन साच्यांत दाबतोय: एका साच्यात पोट, दुसऱ्यात पाठ, मधे बोटानं शिवण बुजवली की बाई उभी. त्यापलीकडे हस्तिदंत कोरणारा, नाक कामाला लागेल इतका वाकलेला. आणि या सगळ्यांच्या मागं, गल्लीगल्लीतून, मागांची खटखट. हजार माणसं एकाच वेळी दारं ठोठावतायत असं वाटावं. तिची सवय व्हायला अर्धा दिवस लागतो. आणि ती थांबली तर पोटात गोळा येतो, हे इथल्या माणसांना विचारा.

आज काही गल्ल्यांत ती थांबलीय.

शहराच्या कडेला गाड्यांचा तळ आहे. तिथं शेठ उभा आहे. तेव्हाचा ‘सेट्ठि’ म्हणजेच आपला शेठ. शब्द थोडा झिजलाय, पोट तसंच. त्याच्यापुढं कापडाचे तागे रचलेत: तळाला जाडंभरडं, वर मलमल. मलमलीवर हात ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. तुमच्या हाताला घाम आहे आणि त्या एका ताग्यात कुणाचा तरी अख्खा पावसाळा गेलाय. शिवाय सगळा माल तगरचा नाही. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरून आलेली गाठोडीही इथंच जमतात, इथंच बांधली जातात आणि पश्चिमेला निघतात.

तिथं गाडीच्या आसात एरंडेल घालत बसलेला एक माणूस मान वर करतो. काळा, सडसडीत, दाढीत कापूस अडकलेला. त्याला मामा म्हणा. तो तुम्हाला पाव्हणंच म्हणणार.

“कल्याणला निघालात का मामा?”

“कल्याण बंद हाय, पाव्हणं!”

बंद म्हणजे काय? खाडी आटली? बंदर जळालं? मामा मान हलवतो. खाडी तिथंच आहे, धक्का तिथंच आहे, कोळी मासे मारतायत. पण राज्य बदललं. जुन्या राजाच्या वेळी तिथं परदेशी जहाज उजळ माथ्यानं लागायचं. आता यवनाचं, म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्याचं, जहाज चुकून खाडीत शिरलं तर त्याच्यावर पहारा बसवतात आणि वर भरूचला घेऊन जातात. कोणाचं कोणाशी भांडण, ते दरबारात राहू द्या. तळावर एवढंच कळलंय की नाणेघाट उतरून कल्याणला जावं तर माल घेणारा नाही. ज्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात तो घाटातला दगडी रांजण आता खडखडाट करत असेल, असं म्हणून मामा स्वतःच हसतो.

मग तळावर वाद सुरू होतो. बसा त्या जुवावर आणि ऐका. वाद अगदी आजच्यासारखा आहे.

एक म्हणतो, सोपाऱ्याला जाऊ. दुसरा म्हणतो, सोपारा कल्याणच्या उशाशीच, आज नाही तर उद्या तिथंही पहारा. तिसरा चौलचं नाव काढतो. तिथं मोठं जहाज येईलच याची हमी कोण देणार? एक म्हातारा विणकर हळूच म्हणतो, यंदा थांबू, पुढच्या वर्षी बघू. त्यावर कुणी बोलत नाही. थांबलेल्या मागाला पुढचं वर्ष कळत नाही. कापड कुजत नाही हे खरं, पण ते विणणाऱ्याचं पोट नासतं.

शेठ बोटं मोडत हिशेब करतो. यवनांची जहाजं पावसाळी वाऱ्यावर येतात आणि हिवाळ्याचा वारा सुटला की परत निघतात. तो चुकला की चुकला, मग बारा महिने धक्क्यावर बसा. आत्ता कार्तिक लागलाय. पैठणपर्यंत १० दिवस. पैठणहून भरूच २० दिवस. गाडी अडकली, बैल आजारी पडला, नदी उतरली नाही, तर वर आणखी. जमेल, पण काठावर.

“भरूच,” शेठ म्हणतो.

तुमच्या आजच्या नकाशावर पट्टी ठेवून बघा. तेर ते कल्याण सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटर. तेर, पैठण, भरूच असं गेलं तर सुमारे ५००. नकाशावर हा फरक पट्टीवरच्या दोन बोटांचा. तो किती मोठा असतो ते आता तुमच्या कमरेला कळेल, कारण तुम्ही गाडीत बसताय.

निघताना मामाची लेक येते. सात-आठ वर्षांची, नाकात शेंबूड, हातात शंखाची एकच बांगडी. शेठाच्या बायकोच्या गळ्यात तिनं सोन्याचं नाणं पाहिलंय, त्यावर एका माणसाचं डोकं आहे, नुसतं डोकं. “आबा, मला तोंडवालं पदक आण.” मामा हो म्हणतो. बापलोक हो म्हणतात तसं.

पहिला दिवस मजेत जातो. गाडी कुरकुरते, घुंगरं वाजतात, तुम्ही सहलीला निघाल्यासारखे बसता. दुसऱ्या दिवशी पाठीचा प्रत्येक मणका स्वतःचं नाव सांगायला लागतो. गाडीला कमानी नाहीत, रस्त्याला रस्ता नाही. काळ्या मातीतून पूर्वीच्या चाकोऱ्या गेल्यात, त्याच वाट. वरून माती वाळलेली दिसते, आतून अजून पावसाची ओल धरून बसलीय. भसकन् चाक आत. सगळे उतरा. ओझं उतरवा. खांदा लावा. “हाऽऽ रं राजाऽऽ!” तुमचं तोंड बैलाच्या पुठ्ठ्याशी, त्याची शेपटी तुमच्या गालावर, पाय घोट्यापर्यंत चिखलात. चाक बाहेर येतं तेव्हा चिखल असा काही आवाज करतो की सगळी माणसं दमलेली असूनही हसतात. मग पुन्हा ओझं चढवा.

दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर झाले तर मामा खूश. पायी चाललेला एक भिक्खू तुम्हाला मागं टाकतो, झाडाखाली विसावतो, तुम्ही त्याला गाठता, तो उठून पुन्हा पुढं जातो. तीन दिवस हाच खेळ चालतो.

दुपारी ऊन डोक्यात खिळा मारावा तसं. अजून थंडी पडायची आहे, पाऊस गेलाय. हे मधलं ऊन तुमच्या ओळखीचं आहे. धूळ मात्र ओळखीची नाही. पुढच्या चाळीस बैलांची धूळ तुम्ही खाता, आणि तुमची मागचे खातात. संध्याकाळी तोंड धुतलं तर पाणी काळं येतं. जाड्याभरड्या धान्याची भाकरी, हुलग्याचं कढण, लसणाची पाकळी दगडानं ठेचलेली. दाताखाली थोडी वाळू येते. कुणी तक्रार करत नाही, म्हणून तुम्हीही करत नाही.

मग मामा आपलं खरं काम काढतो. दोन्ही बैलांच्या खांद्यावर, जिथं जू बसतं तिथं, तेल-हळद घेऊन चोळत बसतो. आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, वर्षातून एकदा. मामा रोज करतो. बोटांनी चाचपतो, कुठं गरम लागतंय का, कुठं सूज आहे का. शेठ मालाची गाठोडी मोजतो, मामा बैलांचे खांदे मोजतो. हा तांडा कशावर चालतो हे दोघांपैकी कुणाला जास्त कळलंय, ते तुम्ही ठरवा.

रात्री गाडीखाली झोपा. दव पडतं. कोल्हे ओरडतात. बैल रवंथ करत असतात, तो आवाज मात्र छान झोप आणतो.

मांजरा उतरताना कमरेइतकं पाणी. तागे डोक्यावर घेऊन माणसांची रांग, पाण्यात पाय घसरला तरी हात वरच. भिजलेल्या मलमलीला भरूचला कुणी विचारत नाही. दहाव्या दिवशी गोदावरी दिसते आणि पैलतीरावर पैठण. तुम्हाला वाटतं, आलो. मामा म्हणतो, “तिसरा हिस्सा झाला.”

आणि इथं तुम्हाला पहिल्यांदा कळतं की कल्याण बंद पडलं म्हणजे काय झालं. घाटावर गाड्याच गाड्या. ज्यांना पश्चिमेला घाट उतरायचा होता तेही इथं वळलेत. नावाडी भाव सांगतोय आणि खाली यायला तयार नाही. ताज्या दमाचे बैल दुप्पट दरानं. वैरणीचा भारा कालच्यापेक्षा आज लहान. बंदर बंद झालं ते तिकडं समुद्रावर, आणि त्याची गर्दी झाली इथं, समुद्रापासून इतक्या लांब, नदीच्या घाटावर. भांडणं, शिव्या, एक बैल पाण्यात बसलेला, एक गाडी उलटलेली आणि तिच्यातून सांडलेले लालसर, करडे दगड. ते दगड गोळा करायला दहा माणसं धावतात. अकीक आहे तो. पैठणचा माल. कच्चा दिसतो चुलीतल्या खड्यासारखा, पण यवन तो सोन्याच्या अंगठीत बसवतो.

तुमच्या गाड्यांत आता कापडाच्या गाठोड्यांमधे दगडांच्या थैल्याही कोंबतात. दगड न वाजता जावा म्हणून कापड, कापड न हलता बसावं म्हणून दगड. शेठ आणि पैठणचा व्यापारी एकमेकांच्या हातावर हात मारतात. त्याच्याकडे बैल जास्त, याच्याकडे गाडीवान. ना कागद, ना साक्षीदार. दोघांचे आजे एकमेकांना ओळखत होते, एवढ्यावर पाचशे किलोमीटरचा माल चालतो.

पुढचे वीस दिवस सगळे सांगत नाही, तुमची कंबर सांगेलच. वेरूळचे डोंगर लागतील. कैलास लेणं शोधू नका, तो अजून अखंड खडक आहे. एका रात्रीचा मुक्काम मात्र विसरू नका. पितळखोऱ्याच्या दरीत उतरा. कड्यात कोरलेले विहार, खाली दगडी हत्तींची रांग, टाक्यात थंडगार पाणी. इतकं थंड की दात शिवशिवतात. दिव्याच्या उजेडात एका खांबावरची अक्षरं दिसतात: पैठणच्या एका गंधिकानं, म्हणजे अत्तरवाल्यानं, दिलेलं दान. त्यानं हा खांब का दिला असेल ते आज तुम्हाला न सांगता कळतं. त्याच्या गाड्याही याच वाटेनं जात असतील आणि त्याचे गाडीवानही याच टाक्यावर ओंजळ धरत असतील. पुण्य तर आहेच, शिवाय वाटेवर एक छप्परही झालं.

सकाळी घाट उतरायचा. चाकात दांडकं अडकवून, मागं दोर बांधून, आठ-आठ माणसांनी गाडी मागं ओढत. पुढं बैल खाली रेटले जातायत, मागं तुम्ही. तळहाताची साल निघते. मामाच्या डाव्या बैलाचा खांदा त्या दिवशी फुटतो. मामा काही बोलत नाही. संध्याकाळी हळद लावताना त्याचे हात थरथरतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूला जुवाखाली तो स्वतःची घोंगडी घडी करून घालतो. त्या रात्रीपासून मामा थंडीत उघडा झोपतो.

खानदेश, तापी, जंगल. मग एका पहाटे हवा खारट लागते.

भरूच! नर्मदेच्या पैलतीरी. नावेत बसा, पण घट्ट धरून. आधी काहीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं: लांबून हजारो माणसं आरोळी देत चालून येतायत असा आवाज. ती भरती आहे. इथं समुद्र हळूहळू चढत नाही, तो धावत येतो. क्षणापूर्वी जिथं चिखल होता तिथं पाणी उसळतं, नांगरलेली नाव गर्रकन् फिरते, आणि परक्या जहाजाला खाडीचं तोंड कळण्याआधीच ते वाळूत रुततं. म्हणून राजाचे कोळी लांब नावा घेऊन काठेवाडच्या बाजूपर्यंत समोर जातात, यवनाच्या जहाजाला दोर बांधतात आणि भरतीच्या ठेक्यावर ओढत, ठरलेल्या जागी थांबवत आत आणतात. एवढी अवघड खाडी, तरी सगळी जहाजं इथंच. दुसरं दार बंद असलं की माणूस अरुंद दारातूनही आत शिरतो.

धक्क्यावर काय नाही! इटलीच्या मद्याचे उंच, टोकदार बुडाचे रांजण आणि फुटलेल्या एकाचा आंबट भपका. तांब्याच्या, कथलाच्या, शिशाच्या लाद्या. पोवळं. रंगीत पट्टे. धूपद्रव्य. इकडून चढतंय ते जटामांसी, गुग्गुळ, हस्तिदंत, पिंपळी, कापड, कापड आणि कापड. खलाशाच्या अंगाला डांबराचा आणि महिनाभर न धुतल्याचा वास. खरं तर तुमच्याही.

एक यवन खलाशी दोरखंडाच्या वेटोळ्यावर तोंड पाडून बसलाय. दुभाष्याला विचारा. तो म्हणेल, याला यायचंच नव्हतं इथं. जहाज निघालं होतं कल्याणला, पकडलं, पहाऱ्यात इकडं आणलं. मामा खलाशाकडे बघतो, खलाशी मामाकडे. एक समुद्रावरून वळवलेला, एक डोंगरावरून. मामा कमरेचा गूळ काढून त्याला खडा देतो. भाषेची गरज पडत नाही.

तेवढ्यात तुमच्या पुढ्यात एक माणूस येतो. व्यापारी दिसतो, डोळे सारखे फिरतायत, हातात लिहायचं साहित्य. तो ताग्याला बोट लावतो (त्याचा हात कोरडा आहे) आणि विचारतो: कुठलं? तुम्ही सांगता, तगरचं. केवढं गाव? तुमची छाती फुगते. फार मोठं शहर! कुठं आलं? पैठणहून १० दिवस, आग्नेयेला. दुभाषा घाईत आहे. आग्नेय वगैरे कोण समजावणार? तो नुसतं ‘पूर्वेला’ म्हणून टाकतो. कसं आणलंत? गाड्यांवरून, जिथं धड रस्ताही नाही अशा मुलखातून. आणि कल्याण? तुम्ही आणि तो खलाशी एकदमच बोलू लागता. तो सगळं टिपून घेतो.

मान्य, ही भेट मी घडवून आणली. पण ते टिपण खरं आहे. लिहिणाऱ्याचं नाव उरलं नाही. त्याच्या ग्रीक पुस्तकाला ‘पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी’ म्हणतात. पैठणहून १० दिवस पूर्वेला तगर, तिथलं कापड, त्या बिनरस्त्याच्या मुलखातल्या गाड्या, कल्याणचा अडथळा, पहाऱ्यात भरूचला नेलेली जहाजं, ती धावत येणारी भरती, सगळं त्यात आहे. त्या ‘पूर्वेला’नं पुढं विद्वानांना बरंच फिरवलं. कुणी तगर जुन्नरला नेलं, कुणी देवगिरीला, रामकृष्ण भांडारकरांनी धारूरला. १९०१ मध्ये जॉन फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं आणि ते पटलं. मला आपलं वाटतं, गाड्या वळून भरूचला गेल्या नसत्या, तर तगरची एवढी चौकशी तिथं कुणी केली असती का?

चला, परत फिरायचंय. वारा सुटलाय, जहाजं निघाली, माल वेळेत गेला. शेठ खूश आहे. वाट लांबली म्हणून त्यानं कापडाचा भाव चढवला आणि तो मिळालाही. विणकराला मात्र तो सांगणार आहे की वाट लांबली, खर्च वाढला, त्यामुळे यंदा तुमच्या हातात थोडं कमी. दोन्हीकडे सांगायला तीच वाट उपयोगी पडते.

परतीच्या वाटेवर मामाला विचारा, भाडं वाढलं असेल ना? तो बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत म्हणतो, “वाढलं की. शेठचं वाढलं. ह्याची तेवढी कातडी गेली.”

तगरच्या वेशीवर लेक धावत येते. पदक? मामाच्या कनवटीला सोनं कुठून येणार? पण दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्या मातीवाल्या कारागिराकडे जातो. शेठानं आणलेल्या नाण्याचा साचा त्यानं उतरवलाय. तेच डोकं, तीच किनार, वर दोरा ओवायला भोक. भट्टीतून गरम निघालेलं मातीचं पदक लेकीच्या गळ्यात पडतं. ती दिवसभर मान खाली घालून त्याकडेच बघत चालते आणि दोनदा ठेचकाळते.

आता टाच वर घ्या. हं. हे तुमचं घड्याळ.

मोबाइल चालू केलात की बातम्या येतील, आणि आता त्या तुम्हाला जरा वेगळ्या वाचता येतील. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचं एक जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि ६ दिवस वाट अडली. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंटेनर घेऊन जाणारी मोठमोठी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. तोच तांबडा समुद्र, ज्यातून तो गूळ खाणारा खलाशी आला होता. न्हावा-शेव्याहून युरोपला निघालेल्या मालाच्या वाटेत साधारण १० ते १४ दिवसांची भर पडली. २०२४च्या हंगामात महाराष्ट्रातली द्राक्षंही त्याच वळशानं गेली. मलमल महिनाभर थांबू शकत होती. द्राक्षाला थंड कंटेनरमध्येही तेवढी उसंत नसते. जगाचा व्यापार थांबला नाही, तज्ज्ञांनी जाळ्याच्या चिवटपणाचं कौतुक केलं, आणि ते बरोबरच होतं. एक बंदर मिटलं तरी दुसरं उघडं असतं, माल जोडून घेणारं एखादं पैठण असतं, मधे पाण्याचं टाकं असतं, हातावर हात मारणारी माणसं असतात. म्हणून जाळं फाटत नाही. पण ताणलेला धागा कुठंतरी कुणाच्या तरी खांद्यावर काचतो, आणि ती बातमी होत नाही. द्राक्षबागायतदाराला विचारा, वाढीव भाडं शेवटी कुणाच्या पट्टीतून कापलं गेलं.

कधी धाराशिवकडे आलात तर तुळजापूर करून थेट परत जाऊ नका. तेरला या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं शासकीय संग्रहालय तिथं आहे. इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली निघालेल्या हस्तिदंती बाईशी नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती तेरलाच सापडली. शंखाच्या बांगड्या आहेत, मणी आहेत, दोन साच्यांतल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत. आणि तेरच्या पांढरीतून रोमन नाण्यांवरून साचे घेऊन केलेली पदकंही निघाली आहेत. ती मातीची आहेत.